बिल हाती आलं की आधी वही उघडा

मृग लागायच्या सुमारास माझ्या ओसरीवर ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका कमी आणि लाईटचं बिल दाखवायला येणाऱ्या जास्त असतात. मे महिन्याचं बिल तेव्हाच हातात पडतं. "अवं बाई, पाह्यना वं, काहून एवढं आलं?" असं म्हणत काकू पदराखालून घडी केलेला कागद काढतात. मी मशीन थांबवते आणि बिलाची रक्कम न बघता आधी युनिटांचा आकडा बघते.

हिंगणघाटच्या बाजूला आमचं गाव. घरी शिवणकाम करते, बचत गटाचा हिशोब माझ्याकडं असतो. त्या सवयीनं सात वर्षांपासून दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या मीटरचं रीडिंग एका शंभर पानी वहीत लिहिते. त्या वहीनं जे शिकवलं तेच इथं मांडतेय, कारण हे दर उन्हाळ्यात तोंडी सांगून पुरत नाही.

मुंबईच्या काही भागांत वीज कोणत्या कंपनीकडून घ्यायची हे ग्राहकाला ठरवता येतं. आमच्याकडं महावितरण एकच. म्हणून लोकांना वाटतं, आपल्या हाती काय आहे, आलं ते बिल भरायचं. पण सिंगल फेज की थ्री फेज, म्हणजे वीज एका तारेतून घ्यायची की तीन, घरात एक मीटर की दोन, महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या आत की बाहेर, छतावर सोलर लावायचं तर किती किलोवॅटचं, स्वयंपाक गॅसवर की विजेच्या इंडक्शन शेगडीवर, हे सगळं आपणच ठरवतो. आणि बहुतेक घरांत ते कोणाच्या तरी सांगण्यावरून, हिशोब न करता ठरलेलं असतं.

तर आधी बारा महिन्यांची युनिटं लिहून काढा. जुनी बिलं नसली तरी चालतं, मागच्या महिन्यांचा वापर चालू बिलावरच छापलेला असतो. आमच्या घराचा मागच्या वर्षाचा आकडा सांगते: मार्चात ९६, एप्रिलात १२८, मे महिन्यात २१२, जूनमध्ये १७१. पावसाळ्यात शंभराच्या थोडं वर आणि दिवाळीनंतर सत्तर-पंच्याहत्तर. वर्षाची बेरीज १३१८. आम्ही पाच माणसं, दोन कूलर, एक फ्रिज, तीन पंखे, टीव्ही, पाण्याची छोटी मोटर आणि माझी शिलाई मशीन.

आता शंभराचा हिशोब, कारण अख्खं बिल यावर फिरतं. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढं असे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या दरात जवळपास दुपटीचा फरक आहे. हिशोबाला सोपं म्हणून वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे, धरून पहिल्या शंभराला युनिटमागं ६ रुपये आणि त्यापुढच्याला ११ रुपये घ्या, स्थिर आकार, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम, १३० धरा. नेमका दर दरवर्षी बदलतो, तो बिलाच्या मागं पाहून घ्या. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. मार्चाची ९६ युनिटं म्हणजे ५७६ आणि १३०, मिळून ७०६, शुल्क धरून ८१९ रुपये. मे महिन्याची २१२ म्हणजे पहिल्या शंभराचे ६००, उरलेल्या ११२ चे १२३२, स्थिर आकार १३०, एकूण १९६२, शुल्क धरून २२७६. युनिटं सव्वादोनपट झाली आणि पैसे पावणेतीनपट.

इथं एक गैरसमज काढून टाकते, कारण त्याच्यापायी बायका उगाच घाबरतात. १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो असं गावात बोललं जातं. तसं नाही. पहिल्या शंभराला पहिलाच दर राहतो, चढा दर फक्त वरच्या युनिटांना. म्हणून १०४ आली तर रात्रीची झोप घालवू नका. पण १०० च्या वरचं प्रत्येक युनिट जवळपास दुप्पट महाग आहे हे मात्र डोक्यात ठेवा. जे काही वाचवायचं ते तिथंच वाचतं.

दुसरं, रीडिंगच्या दिवशी घराला कुलूप असेल तर बिल सरासरीनं येतं आणि पुढं दोन-तीन महिन्यांची युनिटं एकदम दिसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं हे खूप घरांत होतं. अशा वेळी त्या युनिटांना टप्प्यांचा फायदा महिन्याच्या हिशोबानं वाटून मिळायला हवा. बिलावर किती महिन्यांचा हिशोब धरलाय ते बघा. आणि शक्य असेल तर रीडिंगचा फोटो महावितरणच्या मोबाईल अॅपमधून स्वतःच पाठवा, तशी सोय आहे.

मग प्रश्न येतो की युनिटं जातात कुठं. याचं उत्तर मीटरच देतं, वायरमन लागत नाही. मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, काहींवर १६०० असतो. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एका रविवारी दुपारी मी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजची पिनसुद्धा काढली, आणि फक्त बैठकीतला कूलर चालू ठेवला. पोरगी मोबाईलमधलं घड्याळ लावून उभी, मी मीटरखाली स्टुलावर चढून मोजत होते. एका मिनिटात दहा वेळा. दहा गुणिले साठ म्हणजे तासाला सहाशे, भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.१९ युनिट. रात्रभर दहा तास चालला तर जवळपास दोन युनिट, महिन्याला ५६. दोन कूलर म्हणजे ११२. मे महिन्यात आमची ११२ युनिटं शंभराच्या वर गेली होती. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले.

कूलर बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्यांना आणि लहान लेकराला कूलरशिवाय झोपवणं बरोबर नाही. म्हणून वाचवायची जागा दुसरी शोधली. जुना छताचा पंखा मोजला तर मिनिटाला चार वेळा, म्हणजे ७५ वॅट. बाजारात जे कमी वीज खाणारे नवे बीएलडीसी पंखे आलेत तो एक आणून मोजला, तर दोन मिनिटांत तीनच वेळा, म्हणजे २८ वॅट. रोज अठरा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला पंचवीस युनिटं कमी होतात. शंभराच्या वरची पंचवीस, म्हणजे शुल्क धरून सव्वातीनशे रुपये. कापूस विकल्यावर दरवर्षी एक पंखा, असं आम्ही ठरवलं. आता एकच जुना उरलाय. मृगाचा पाऊस झाल्यावर हवा दमट होते, तेव्हा कूलरचं पाणी काही गार करत नाही, फक्त चिकचिक वाढवतं. त्या दिवसापासून आमचे कूलर बंद आणि पंखे चालू.

कूलरचा विषय निघालाच आहे तर हे कळकळीनं सांगते. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून लेकरं, बाया जातात. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, पाणी भरायला गेलेला हात. पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, पिन काढा. घराचं अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं नाही तर ते कोरडं पडून कामाचं राहत नाही. आणि मेन स्विचजवळ ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवा. करंट कुठं गळाला की ते लगेच लाईन तोडतं. एका पंख्याच्या किमतीत येतं ते. नवीन मीटर घेताना किंवा वायरिंग करताना दुसऱ्या कशावर पैसे वाचवा, यावर नको.

थ्री फेजची चूक आमच्याच घरात झाली होती. गावात एखादा फेज जातो, बाकीचे दोन चालू राहतात. सिंगल फेजवाल्याकडं अंधार आणि थ्री फेजवाल्याकडं उजेड. ते बघून आणि एका वायरमनच्या सांगण्यावरून मोठ्या दिरांनी थ्री फेज घेतलं. विचार चांगलाच होता, घरात अंधार नको. पण थ्री फेजचा स्थिर आकार सिंगलच्या तिपटीहून जास्त असतो आणि एकही युनिट जाळलं नाही तरी तो भरावा लागतो. महिन्याला तीनशे जास्तीचे, वर्षाला छत्तीसशे. चार वर्षं भरले. वर्षभरात फेज जाण्याचे प्रसंग मोजले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेवढ्यासाठी एक चार्जिंगचा बल्ब पुरला असता. ज्याच्या घरी मोठी मोटर आहे, चक्की किंवा वेल्डिंग आहे त्यानं जरूर घ्यावं, त्याला गरज आहे. पंखे, कूलर आणि फ्रिजवाल्या घराला सिंगल फेज पुरतं. परत सिंगल करून घेता येतं, अर्ज करावा लागतो.

शिवणकाम, घरातलं छोटं किराणा दुकान, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बायका मला हमखास विचारतात की मीटर कमर्शियल करावं लागेल काय. घराच्याच एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३६०० च्या आत असेल, तर घरगुतीच दर लागतो. हे वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातच आहे. माझी मशीन सात वर्षांपासून घरच्या मीटरवर आहे. दुकान वेगळ्या गाळ्यात असेल तर मात्र त्याचं मीटर वेगळंच घ्यावं लागतं.

भावाभावांत चुली वेगळ्या झाल्या की दोन मीटर घ्यावेत काय? इथं भावना बाजूला ठेवून वही उघडावी. दोन्ही बिऱ्हाडांचा मिळून वापर २२० युनिट असेल तर एका मीटरवर १२० युनिटं चढ्या दरानं जातात. दोन मीटर झाले तर दोघांची मिळून वीसच. शंभर युनिटांमागं पाच-पाच रुपये वाचले, म्हणजे ५००. त्यातून दुसऱ्या मीटरचे १३० वजा केले तरी ३७० उरतात. पण एकत्र वापर १३० च असेल तर वाचतात दीडशे आणि दुसऱ्या मीटरला जातात १३०. मग कशाला? आणि बिऱ्हाड खरोखर वेगळं पाहिजे: दार वेगळं, चूल वेगळी, वायरिंग वेगळं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर, हिस्सा वेगळा लागला असेल तर काम सोपं जातं. नुसतं बिल तोडायला एकाच घरात दुसरं मीटर मागायला जाऊ नका.

ज्यांच्याकडं स्मार्ट मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज गेली ते स्वतःच नोंदवणारे मीटर, बसले त्यांच्यासाठी थोडं. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. माझ्यासारखी दिवसभर घरी मशीन चालवणारी बाई याचा फायदा घेऊ शकते. पाण्याची मोटर, इस्त्री, मिक्सर मी आता दुपारच्या जेवणाआधी उरकते. महिन्याला चाळीस युनिटं त्या वेळेत गेली तर तीस-चाळीस रुपये. ज्या घरची सगळी माणसं दिवसभर वावरात असतात त्यांना यातून फारसं काही मिळणार नाही, त्यांनी त्याची चिंता करू नये. बिल निघाल्याच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट असते, तीही लहानच. पण उशिरा भरलं तर सव्वा टक्का वर लागतो, म्हणून तारीख सांभाळा. मोबाईल नंबर मात्र घरात राहणाऱ्या माणसाचा नोंदवा. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचे मेसेज पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांच्या फोनवर जातात.

उन्हाळ्यात कधी कधी दोन बिलं येतात आणि लोक घाबरतात. दुसरं बिल सुरक्षा ठेवीचं असतं. मासिक सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव ठेवावी लागते, मागच्या वर्षी वापर वाढला की फरक मागतात. ते पैसे आपल्याच नावावर राहतात, त्यावर व्याज मिळतं, आणि ते हप्त्यानंही भरता येतात.

आता सोलर. यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथंच सगळ्यात मोठी रक्कम एकदम जाते. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार अनुदान. शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्य सरकारनंही वरून वेगळं अनुदान आणलंय. अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर थेट आपल्या बँक खात्यात येतं. म्हणजे आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात, किंवा कर्ज काढावं लागतं.

आमच्याकडं एक विक्रेता आला होता. त्यानं बिल न बघताच तीन किलोवॅट सांगितलं, "अनुदान सगळ्यात जास्त यालेच भेटते" म्हणून. मी वही काढली. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे वर्षाला चौदाशेच्या वर. आमचा वर्षाचा वापर १३१८. आम्हाला एक किलोवॅट पुरतं. तीन बसवले तर वर्षाला तीन हजार युनिटं जास्तीची होतील आणि त्यांचं सोनं होणार नाही. का, तर नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण लाईनला दिलेली आणि लाईनवरून घेतलेली युनिटं वजा करून बिल काढतात त्यात, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात खरी, पण आर्थिक वर्ष संपलं की ३१ मार्चला उरलेल्यांचा हिशोब होतो आणि त्यांना मिळणारा दर आपण घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. आपल्या विदर्भाला ही तारीख अडचणीची आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत आपला वापर कमी, ऊन चांगलं, साधारण दोनशे युनिटं साठतात. आणि ज्या एप्रिल-मे महिन्यात कूलरसाठी ती हवी असतात, त्याच्या तोंडावर साठा शून्य होतो. म्हणून हिवाळ्याच्या साठ्यावर उन्हाळा काढू असा हिशोब कोणी सांगितला तर मानू नका. वर्षाची बेरीज भागिले चौदाशे, इतकाच आकडा धरा.

आणखी एक. लाईन गेली की हे सोलर बंद पडतं, भर दुपारी, कडक उन्हात सुद्धा. पोलवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या घरून करंट लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईन गेल्यावर उजेड पाहिजे असेल तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा. हे विक्रेत्याला तोंडावर विचारा. टिनाच्या छतावर बसवायचं तर खालचे वासे आधी बघून घ्या, वादळाचा मारा आणि वानरांच्या उड्या दोन्ही धरून. मळणीच्या दिवसांत काचेवर धुळीचा थर बसतो, आठ-पंधरा दिवसांनी सकाळी, काच तापायच्या आत, पाण्यानं धुवावी लागते. शिडी लावून ते कोण करणार हे घरात आधीच ठरवा.

गॅस आणि इंडक्शनचं उत्तरही त्याच शंभरात आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढ्याला इंडक्शनवर साधारण १२० युनिटं लागतात. हिवाळ्यात आमची पंचवीस-तीस युनिटं शंभराच्या खाली शिल्लक असतात, तेव्हा चहा, दूध आणि भात शेगडीवर परवडतो. मे महिन्यात तेच १२० युनिट ११ रुपयांनी धरले तर शुल्क धरून दीड हजार होतात, सिलिंडर त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून आमची शेगडी दिवाळीला खाली निघते आणि होळीनंतर माळ्यावर जाते. अंघोळीचं पाणी अजूनही अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाटी आणि तुराटीवर. पाइपचा गॅस आमच्या गावापर्यंत नाही, त्यामुळं त्याचा विचार करायचं कारण नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाच किलोचं सिलिंडर बरं पडतं, उचलायला हलकं.

शेवटी एक काम, जे मी स्वतः फार उशिरा केलं. बिलावर नाव कोणाचं आहे ते बघा. आमच्या बिलावर आजेसासऱ्यांचं नाव होतं, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. सोलरचा अर्ज भरायला बसलो तेव्हा अडलो. मृत्यूचा दाखला, नमुना आठ, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र असे कागद जमवले. दोन्ही आत्या लग्न होऊन वरोऱ्याला आणि देवळीला गेलेल्या, त्यांच्या सह्या आणायलाच पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा वेळ गेला. नाव बदलून आलेलं पहिलं बिल वहीत चिकटवून ठेवलंय. तेव्हा सोलर लावायचं असो की नसो, नाव जुनं असेल तर कागद आताच गोळा करायला लागा, सह्या करणारी माणसं हयात आहेत तोवर.